बेल रॉक: ओहोटीच्या तासांत बांधलेलं दीपगृह

भर समुद्रातल्या दीपगृहांचे फोटो अधूनमधून सगळीकडे फिरत असतात. अर्धा मनोरा फेसात बुडालेला आणि खाली हमखास एक प्रतिक्रिया, "काय मजबूत बांधलंय!" मजबूत आहेच, वाद नाही. पण अशा मनोऱ्यांचं बांधकाम वाचायला घेतलं की लवकरच कळतं की मजबुतीचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न वेळेचा. जो खडक दिवसातला बहुतेक वेळ पाण्याखाली असतो त्यावर पाथरवटाने उभं राहायचं कधी, छिन्नी चालवायची कधी, आणि पाणी परत यायच्या आत चिरा पक्का बसवायचा कसा? या मनोऱ्यांच्या रचनेतल्या बऱ्याच गोष्टींचं उत्तर या एका अडचणीत सापडतं. त्यासाठी बेल रॉकपेक्षा चांगलं उदाहरण नाही.

बेल रॉक, जुन्या नावाने इंचकेप, हा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर उत्तर समुद्रात आहे. आर्ब्रोथ गावापासून सुमारे 18 किलोमीटर. तांबड्या वालुकाश्माचा सपाट, लांबट खडक. उधाणाच्या भरतीला त्यावर जवळपास 16 फूट पाणी असतं आणि पूर्ण ओहोटीला तो जेमतेम 4 फूट वर डोकावतो. टे आणि फोर्थ या दोन्ही खाड्यांकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेत तो येतो, म्हणून धोका. डिसेंबर 1799 च्या वादळाने या किनाऱ्यावर सुमारे 70 जहाजं बुडवली. त्यातली बरीचशी बेल रॉकवर आपटली नव्हती. खडकाच्या भीतीने फोर्थ खाडीचा आसरा घेण्याऐवजी ती बाहेरच वादळाशी झुंजत राहिली. जानेवारी 1804 मध्ये 'यॉर्क' ही 64 तोफांची युद्धनौका सगळ्या माणसांसकट नाहीशी झाली. ती याच खडकावर फुटली असा समज झाला आणि सरकार हललं. 1806 मध्ये संसदेने कायदा केला, ऑगस्ट 1807 मध्ये काम सुरू झालं, आणि 1 फेब्रुवारी 1811 च्या रात्री दिवा लागला. स्कॉटलंडची दीपगृहं सांभाळणाऱ्या नॉर्दर्न लाइटहाउस बोर्डाचे अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन प्रत्यक्ष खडकावर होते, तर मुख्य अभियंता म्हणून नेमणूक जॉन रेनी यांची होती. श्रेय कोणाचं यावर दोन्ही घराण्यांत पुढे कित्येक वर्षं पत्रापत्री चालली. आराखड्यावर रेनींचा हात होता, पण रोजच्या अडचणी सोडवल्या त्या स्टीव्हन्सननीच, हे माझं मत.

आता वेळेचा हिशेब. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, पण रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकत जाते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी सगळ्यात खाली जातं आणि खडक दोन-तीन तास उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, तो धड उघडाच पडत नाही. म्हणजे पंधरवड्यातले निम्मे दिवस आधीच गेले. उरलेल्यांत एक ओहोटी रात्रीची. मग मशाली पेटवून काम करायचं, आणि वारा असेल तर मशालीही टिकत नाहीत. लाटा मोठ्या असतील तर होडी खडकाला लागतच नाही. उत्तर समुद्रात उन्हाळ्याचे महिने सोडले तर काम अशक्य, म्हणून हंगामही छोटा. 1808 च्या अख्ख्या हंगामात खडकावर ओहोटीचं काम झालं सुमारे 265 तास, आणि त्यातले प्रत्यक्ष बांधकामाला लागले फक्त 80. रोज दहा तास धरले तर आठ दिवसांची मजुरी. बाकीचे तास पाया खोदण्यात, पाणी उपसण्यात, यंत्रं उभारण्यात गेले.

हा आकडा वाईट वाटत असेल तर फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यासमोरचं आर्मेन दीपगृह बघा. तिथे 1867 मध्ये पूर्ण वर्षभरात सात वेळा खडकावर उतरता आलं आणि काम झालं आठ तास. तेवढ्या वेळात पंधरा भोकं पाडली. सेन बेटावरचे कोळी कॉर्कची जाकिटं घालून, एका हाताने खडक धरून भोकं पाडायचे. लाट आली की खडकाला चिकटून राहायचं, ओसरली की पुन्हा पहार मारायची. दिवा लागायला 1881 साल उजाडलं.

या अडचणीवर पहिला उपाय म्हणजे खडकावर करायचं काम शक्य तितकं किनाऱ्यावर आणणं. आर्ब्रोथला कामाचं आवार उभं केलं. प्रत्येक थराचा पूर्ण आकाराचा नकाशा काढून त्यावरून प्रत्येक चिऱ्याचा साचा बनवला. पाथरवट त्या साच्याबरहुकूम चिरा घडवायचे, आणि मग तो अख्खा थर आवारातल्या सपाट ओट्यावर मांडून बघायचे. सगळे सांधे जुळले की प्रत्येक चिऱ्यावर थराचा आणि जागेचा क्रमांक कोरायचा आणि थर मोडून गलबतात भरायचा. समुद्रात छिन्नी लावायची वेळ येता कामा नये हा नियम. खडकावर चिरा बसत नाही असं कळलं तर ती ओहोटी गेली आणि कदाचित पुढचे चार दिवसही. बाहेरच्या खालच्या थरांना ॲबर्डीनजवळच्या रुबिस्लॉचा ग्रॅनाइट, आतल्या भागाला आणि वरच्या थरांना डंडीजवळच्या मायलनफील्डचा वालुकाश्म. ग्रॅनाइट पुरेसा वेळेत मिळत नव्हता, हेही मिश्र दगडाचं एक कारण. मनोऱ्याला एकूण 2,800 हून जास्त चिरे लागले, वजन सुमारे 2,080 टन. म्हणजे चिऱ्यामागे सरासरी पाऊण टन.

दुसरा उपाय खडकावरच राहणं, आणि हा शहाणपणा थोडा भीतीतूनही आला. 2 सप्टेंबर 1807 ला खडकावर 32 माणसं कामात होती. त्यांना आणणारं 'स्मीटन' हे गलबत नांगर सुटून वाहून गेलं. पाणी चढायला लागलं, आणि उरलेल्या दोन होड्यांत सगळे मावणारे नव्हते. स्टीव्हन्सननी नंतर लिहून ठेवलंय की माणसांशी बोलायला गेल्यावर तोंड इतकं कोरडं पडलं होतं की शब्द फुटेना, आधी डबक्यातलं पाणी तोंडात घ्यावं लागलं. तेवढ्यात आर्ब्रोथहून टपाल घेऊन आलेली एक होडी दिसली आणि माणसं वाचली. त्यानंतर पहिलं काम ठरलं ते खडकावर लाकडी 'बीकन' उभारण्याचं. सहा मोठे वासे खाली पसरलेले, वर एकत्र आलेले. नुसता इशारा म्हणून नव्हे, तर पाणी चढल्यावर माणसांनी चढून बसायचं आसराघर म्हणून. पुढे त्यावरच कोठड्या बांधून कामगारांची वस्ती झाली आणि खालच्या मजल्यावर लोहाराची भट्टी.

वासे खडकात कसे रोवले हे पाहण्यासारखं आहे, कारण खडकावरची बहुतेक यंत्रं याच पद्धतीने उभी राहिली. खडकात खोल भोक पाडायचं, त्यात लोखंडी खुंटा बसवायचा, भोवती आधी लाकडाच्या पाचरी, त्यावर लोखंडाच्या पाचरी ठोकायच्या. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पकड आणखी घट्ट होते. समुद्राचं पाणी इथे कामाला लावलंय. खुंट्याला वासा पट्ट्यांनी आणि बोल्टांनी जखडायचा. असं बीकन संपूर्ण बांधकामभर टिकलं, पण जसंच्या तसं नाही. खालच्या मजल्यावर चुना कालवायची जागा होती, ती वादळाने उचलून नेली. खालच्या फळ्यांना लाट खालून धडक देते आणि फळी लाटेचा जोर थेट वाशांवर टाकते. म्हणून वादळाच्या आधी खालच्या फळ्या काढून ठेवणं हाच उपाय, म्हणजे पाणी आरपार जातं.

हाच धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या स्केरीव्होर खडकावर स्टीव्हन्सन यांचे चिरंजीव ॲलन यांनी 1838 मध्ये बांधलेलं लाकडी बराक नोव्हेंबरच्या वादळात साफ वाहून गेलं, सुदैवाने आत कोणी नव्हतं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सिली बेटांजवळच्या बिशप रॉकवर लोखंडी पायांवरचा मनोरा 1847 मध्ये सुरू केला. कल्पना अशी की बारीक पायांमधून लाट निघून जाईल. फेब्रुवारी 1850 मध्ये, दिवा लागायच्या आधीच, तो नाहीसा झाला. अमेरिकेत बॉस्टनजवळ मिनट्स लेजवर असाच लोखंडी मनोरा एप्रिल 1851 च्या वादळात दोन सहायक रखवालदारांसह कोसळला. पाय बारीक असले तरी वरची खोली आणि मधले मजले बारीक नसतात. लाट तिथपर्यंत चढली की तो सगळा जोर लांबलचक पायांच्या टोकाशी लागतो आणि पाय मुळाशी वाकतात. दोन्ही ठिकाणी पुढे दगडी मनोरेच बांधले.

पाया खोदणं हे बेल रॉकचं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. 42 फूट व्यासाचा खड्डा, तळ अगदी सपाट. खड्डा खोल करण्यापेक्षा वरचा कुजका, सुटा थर काढून एकसंध खडक मिळवणं आणि पहिल्या थराला सपाट बैठक देणं हा उद्देश. आधी शेवाळ आणि समुद्री गवत खरवडायचं, नाहीतर माणूस उभाच राहू शकत नाही. मग टिकाव. वालुकाश्म ऐकायला मऊ वाटतो, पण इथला इतका कठीण होता की टिकावाची टोकं थोड्या वेळात बोथट व्हायची. किनाऱ्यावरून धार लावून आणायला वेळ नाही, म्हणून लोहारच खडकावर. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभा राहून तो भाता चालवत टिकाव शेकायचा, आणि लाटेने भट्टी विझली की त्या दिवसाचं खोदकाम जवळजवळ संपलं. दर भरतीला खड्डा पाण्याने भरायचा. पुढच्या ओहोटीला आधी पंपाने तो उपसायचा, मग खोदायचं. उपसण्यात गेलेला अर्धा तास दोन तासांतूनच वजा. पहिला दगड 10 जुलै 1808 ला बसला.

चिरा बोटीतून जागेवर कसा जायचा? 'स्मीटन'सारखी गलबतं आर्ब्रोथहून माल आणून खडकाजवळच्या नांगरावर थांबायची. तिथून चिरे सपाट बुडाच्या पडावांत उतरवायचे, कारण खोल बुडाचं गलबत खडकाला लावलं तर फुटणार. पडाव खडकाच्या धक्क्याला लागला की यारीने चिरा उचलून गाडीवर. खडक खाचखळग्यांचा, त्यामुळे त्यावर बिडाच्या रुळांचा छोटा लोहमार्ग घातला. काही जागी रूळ खडकापासून वितभर उंच, काही जागी पाच फूट, म्हणजे मार्ग सपाट राहील. पाऊण टनाचा दगड माणसांनी शेवाळावरून सरकवला असता तर एका ओहोटीत दोन-चार चिरे बसले असते. रूळ घातल्यावर पडावातला सगळा माल एका ओहोटीत पायथ्याशी पोचू लागला. या मार्गाचे अवशेष अजून खडकावर आहेत, ओहोटीला दिसतात.

उचलण्यासाठी चिऱ्याला दोर बांधत नाहीत, कारण दोर खाली अडकला तर चिरा घट्ट बसत नाही. चिऱ्याच्या माथ्यावर वर अरुंद आणि आत रुंद असं भोक असतं. त्यात 'ल्यूइस' नावाचे लोखंडी तुकडे एकेक करून सरकवतात. ओढ पडली की ते भोकाच्या तिरक्या बाजूंना घट्ट बसतात, आणि चिरा जागेवर ठेवला की मधला तुकडा काढून सगळे मोकळे करता येतात. मनोरा वर गेला तशी यारीही वर न्यावी लागली. त्यासाठी स्टीव्हन्सन यांच्याकडचे कारागीर फ्रान्सिस वॉट यांनी संतुलित यारी बनवली. एका हाताला चिरा, दुसऱ्या हाताला सरकणारं वजन, त्यामुळे ताणाचे दोर बांधायला बाहेर जागा लागत नाही. अरुंद मनोऱ्याच्या माथ्यावर दोर बांधणार कुठे? आधीच्या साध्या यारीचा धोका 1809 मध्ये दिसलाच होता. ती हलवताना ताणाची साखळी सुटली, यारी कोसळली आणि एका मुकादमाचे पाय चिरडले.

आता सांधे. या भागात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून थोडं थांबतो. इंग्लंडमध्ये प्लिमथसमोरच्या एडिस्टन खडकावरच्या तिसऱ्या मनोऱ्यावर (दिवा लागला 16 ऑक्टोबर 1759) अभियंता जॉन स्मीटन यांनी चिरे डव्हटेल सांध्याने, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या टोकाकडे पसरट खाचांनी, एकमेकांत अडकवले, आणि बेल रॉकनेही तेच केलं. प्रत्येक थरातले चिरे जिगसॉ कोड्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे एकच चिरा आडवा बाहेर ओढता येत नाही. पण तो वर उचलला तर निघतो. म्हणून प्रत्येक चिऱ्यातून खालच्या थरात ओकच्या खुंट्या ठोकायच्या, आणि थरांच्या मध्ये दगडाच्याच चौकोनी गुल्ल्या बसवायच्या, म्हणजे वरचा थर खालच्यावर सरकत नाही. खुंटीच्या टोकाला चीर पाडून त्यात छोटी पाचर ठेवतात. खुंटी भोकाच्या तळाला टेकली की पाचर चिरेत शिरते, टोक फाकतं आणि खुंटी कायमची बसते.

बसवण्याचा क्रम असा: खालचा थर धुऊन घ्यायचा, चुन्याचा पातळ गादीसारखा थर पसरायचा, चिरा यारीने सोडायचा, लाकडी मोगरीने ठोकून तळाला लावायचा, ओळंब्याने आणि पातळीने तपासायचा, खुंट्या ठोकायच्या, उभ्या सांध्यांत पाचरी मारायच्या आणि पातळ चुना ओतायचा. पाणी चढायच्या आत हे सगळं झालं पाहिजे. ज्याला खुंटी बसली नाही तो चिरा त्या रात्री समुद्राचा.

सांध्यांची ही गुंतागुंत मनोरा उभा राहिल्यानंतरसाठी नसून बांधकामाच्या काळासाठी आहे. पूर्ण मनोऱ्यात खालच्या थरावर वरचा शेकडो टनांचा भार असतो, तोच त्याला धरून ठेवतो. पण अर्ध्यावर असताना सगळ्यात वरचा थर उघडा असतो आणि वर भार शून्य. शिवाय दगड पाण्यात बुडाला की त्याचं परिणामी वजन एक तृतीयांशाहून जास्त घटतं. लाट सांध्यात घुसून आतली हवा दाबते, आणि लाट ओसरताच ती दाबलेली हवा आणि पाणी चिऱ्याला बाहेर ढकलतात. बहुतेक चिरे लाट आदळताना नव्हे, परतताना निखळतात. म्हणून स्केरीव्होरला ॲलन स्टीव्हन्सन यांनी डव्हटेल जवळजवळ टाळले. तिथे खडक भरतीच्याही वर होता, त्यामुळे रोज थर बुडायची भीती नव्हती. वजनावर भर द्या, सांधे साधे ठेवा, असं त्यांचं म्हणणं. सुमारे 4,300 टनांचा 48 मीटर उंचीचा तो मनोरा 1844 पासून उभा आहे, म्हणजे हिशेब चुकला नव्हता.

चुन्याचीही तीच गोष्ट. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो, पाण्याखाली त्याला हवा मिळत नाही आणि तो धुऊन जातो. स्मीटन यांनी प्रयोग करून दाखवलं की चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुना पाण्यातही घट्ट होतो, आणि त्यात इटलीतली पोझोलाना ही ज्वालामुखीची राख मिसळली की आणखी चांगला होतो. राखेतली सिलिका चुन्याशी थेट रासायनिक बंध करते, हवा लागत नाही. बेल रॉकचं मिश्रण चुना, पोझोलाना आणि वाळू सम प्रमाणात. तरीही चुना धरायला वेळ लागतोच. स्मीटन बाहेरच्या सांध्यांवर प्लास्टर ऑफ पॅरिस लिंपायचे. ते पटकन घट्ट होतं आणि आतल्या चुन्याला काही तास आडोसा मिळतो. नंतर ते धुपून गेलं तरी चालतं.

लाटेचा जोर प्रत्यक्ष मोजला तो रॉबर्ट यांचे दुसरे चिरंजीव थॉमस स्टीव्हन्सन यांनी, स्प्रिंग लावलेल्या लोखंडी तबकडीने. तबकडी किती आत गेली यावरून कमाल दाब. स्केरीव्होरजवळ मार्च 1845 मध्ये चौरस फुटाला 6,083 पौंड भरले, म्हणजे चौरस मीटरला जवळपास 30 टन. बेल रॉकला 3,013 पौंड. हा आकडा घेऊन कोणी मनोऱ्याच्या पूर्ण क्षेत्रफळाने गुणतं आणि भयंकर उत्तर काढतं, ते चुकीचं. तबकडीवरचा दाब क्षणभराचा आणि छोट्या जागेचा असतो, अख्ख्या मनोऱ्यावर एकाच वेळी तेवढा कधी पडत नाही.

आकाराबद्दल 'ओकच्या बुंध्यासारखा' हे स्मीटन यांचं वर्णन सगळीकडे उगाळलं जातं. मला ते फारसं पटत नाही, आणि ॲलन स्टीव्हन्सन यांनीही त्यावर टीका केली होती. झाडाला फांद्यांवरचा वारा सोसायचा असतो, मनोऱ्याला पायथ्याची लाट. खालचा पसरट भाग गुरुत्वमध्य खाली ठेवतो हे खरं. पण वक्र उतारावरून लाट वर चढते आणि थेट दिव्याच्या काचांपर्यंत पोचते, हेही तितकंच खरं. एडिस्टनला हाच त्रास होता. शिवाय स्मीटन यांच्या मनोऱ्याखालचा खडकच लाटांनी पोखरला गेला आणि मनोरा हादरू लागला. मनोऱ्यात दोष नव्हता. त्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथला पुन्हा उभा केला, बुडखा अजून खडकावर आहे. शेजारी जेम्स डग्लस यांनी 1882 मध्ये नवा मनोरा बांधला. त्याचा पायथा उभ्या भिंतींचा, नळकांड्यासारखा. लाट त्यावर आदळून फुटते, चढत नाही.

बेल रॉकचे खालचे सुमारे 30 फूट पूर्ण भरीव आहेत. दार त्याच्या वर, तिथपर्यंत शिडी. वर एकावर एक खोल्या: साठवण, तेल, स्वयंपाक, झोपायची, पाहुण्यांची, आणि माथ्यावर दिवा. इथला एक बारकावा मला सांध्यांपेक्षाही हुशार वाटतो. स्मीटन यांचे मजले कमानीचे होते. कमान भिंतीला बाहेर ढकलते, म्हणून भिंतीत लोखंडी साखळ्या घालाव्या लागल्या. बेल रॉकला मजल्याचे लांब चिरे भिंतीतच गुंतवले आणि मध्याकडे आडवे आणले. ढकलणं संपलंच, उलट मजला भिंतीला आतून बांधून ठेवतो. शेवटचा चिरा जुलै 1810 मध्ये बसला. एकूण खर्च 61 हजार पौंडांच्या वर.

दिव्याला चांदीचा मुलामा दिलेले 24 तांब्याचे परावर्तक, प्रत्येकासमोर तेलाचा आर्गंड दिवा, म्हणजे गोल पोकळ वातीचा दिवा. सगळी चौकट घड्याळासारख्या वजनाच्या यंत्राने फिरायची आणि लाल-पांढरा प्रकाश आळीपाळीने दिसायचा, म्हणजे खलाशी जवळच्या दुसऱ्या दीपगृहाशी गल्लत करणार नाही. लाल काच बराच प्रकाश गिळते, त्यामुळे लाल बाजूला जास्त दिवे लागतात. तेच यंत्र धुक्यात दोन घंटा वाजवायचं. ही सामग्री 1843 च्या सुमारास कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या केप बोनाविस्टा दीपगृहाला दिली गेली.

रखवालदार चार, त्यातले तीन खडकावर आणि एक आर्ब्रोथला. तिथे 1813 मध्ये सिग्नल टॉवर बांधला. सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान दीपगृहावर तांब्याचा गोळा वर गेला की सगळं ठीक. गोळा दिसला नाही तर मदतीची बोट.

दिवा असून अपघात झाला तोही सांगायला हवा. पहिल्या महायुद्धात किनाऱ्यावरचे दिवे बंद ठेवले जात, जहाज येणार असेल तर आधी कळवल्यावर लावायचे. ऑक्टोबर 1915 मध्ये 'आर्गाइल' या युद्धनौकेने दिवा लावायची विनंती केली. पण दीपगृहात रेडिओ नव्हता आणि वादळात बोटीने निरोप पोचवता आला नाही. 28 ऑक्टोबरच्या पहाटे ती अंधारात थेट बेल रॉकवर चढली. माणसं सगळी वाचली, जहाज गेलं.

1988 मध्ये शेवटचे रखवालदार उतरले आणि दिवा स्वयंचलित झाला. आता दर पाच सेकंदांनी पांढरा झोत. आर्ब्रोथच्या सिग्नल टॉवरमध्ये संग्रहालय आहे. खडकावरचे रूळ जवळून बघायचे असतील तर उधाणाच्या दिवसांतली, शांत समुद्राची ओहोटी निवडावी लागते, भांगात गेलात तर पाण्यातून वर आलेला मनोराच तेवढा दिसेल.